मेलेल्यांसाठी केलेली प्रार्थना पोचते काय?



घरातले माणूस गेले की पहिले चार दिवस रडण्यात आणि पाहुण्यांच्या वर्दळीत जातात. मग एका संध्याकाळी घरातली म्हातारी विचारते, "आता त्यांच्यासाठी काय करायचं?" १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष आणि पिंडदान बंद करते, हे आपण तिला सांगतो. ते बरोबरच आहे. पण तिने काय करायचे नाही हे विचारलेलेच नसते.

हा प्रश्न एकट्या आपल्यापुढे आला असे समजू नका. आपल्या कितीतरी आधी नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) महार-मांग वस्त्यांतली अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ साली आले. कॅथलिक फादर त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आले. देव बदलला, नाव बदलले. पण मेलेली माणसे तीच राहिली. त्यांचे काय करायचे?

आमचे श्रीपूर साखर कारखान्याचे गाव, त्यामुळे कुठकुठली माणसे इथे नोकरीला आलेली. माझे एक सहकारी शिक्षक श्रीरामपूर तालुक्यातले, कॅथलिक. एका दिवाळीच्या सुट्टीत ते मला आपल्या गावी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी २ नोव्हेंबर होता, म्हणजे कॅथलिक लोकांचा मृतांचा दिवस. सकाळपासून कबरींवरचे गवत काढणे, क्रुसाला चुना लावणे चालले होते. संध्याकाळी प्रत्येक कबरीवर झेंडूची फुले आणि मेणबत्त्या. फादरांनी मिस्सा केली, प्रार्थना म्हणत कबरींवर पाणी शिंपडले.

त्याआधी दुपारी घरात एक गोष्ट घडली. सहकाऱ्यांच्या आईला लिहिता येत नाही. मिस्सेच्या वेळी ज्यांच्यासाठी प्रार्थना व्हायची त्या मृतांची नावे कागदावर लिहून पाकिटात घालून चर्चमध्ये द्यायची असतात. माझे अक्षर चांगले म्हणून लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. नवरा, सासू, सासरा, लहानपणी गेलेली दोन लेकरे. मग ती थांबली आणि म्हणाली, "गुरुजी, शेवटी एक लिहा. ज्यांचं कोणीच नाही त्यांच्यासाठी." पाकिटात तिने एक नोट घातली. मी लिहिले. माझा विश्वास नव्हता, तरी लिहिले. आणि तेव्हापासून या विषयावर विचार करीत आहे.

त्यांची शिकवण थोडक्यात अशी. देवाच्या कृपेत मेलेला, पण पुरता शुद्ध न झालेला आत्मा स्वर्गात जाण्याआधी एका अवस्थेत शुद्ध होतो. तिला परगेटरी म्हणतात; आपण शुद्धिस्थान म्हणू. तिथल्या आत्म्याला स्वतःसाठी काही करता येत नाही, पण जिवंत माणसांची प्रार्थना, मिस्सा आणि दानधर्म त्याला मदत करतात. फ्रान्समधल्या क्लूनी मठाचा प्रमुख ओडिलो याने इसवी सन १००० च्या आसपास आपल्या मठांत २ नोव्हेंबर हा दिवस लावून दिला आणि तो पुढे सगळीकडे पसरला. चर्चच्या परिषदांनी १२७४, १४३९ आणि १५६३ साली या शिकवणीवर शिक्के मारले.

आता पाकिटातल्या नोटेकडे येऊ. १४७६ साली पोप चौथा सिक्स्टस याने क्षमापत्राचा लाभ मृतांच्या आत्म्यांनाही मिळू शकतो असे जाहीर केले. मग काय विचारता! रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी टेट्झेल नावाचा साधू जर्मनीत क्षमापत्रे विकत फिरू लागला आणि लोक मेलेल्या आईबापांसाठी गाठीचा पैसा सोडू लागले. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने ९५ मुद्दे मांडले. त्यातला एक मुद्दा कोणत्याही खेड्यातल्या माणसाला सुचावा असा आहे : पोपला आत्मे सोडवता येत असतील तर पैशासाठी का, प्रेमापोटी सगळ्यांनाच का सोडवीत नाही? म्हणूनच नगर जिल्ह्यातले प्रोटेस्टंट ख्रिस्ती मेलेल्यांसाठी अशी प्रार्थना करीत नाहीत. एकाच वस्तीतून निघालेले दोन चुलतभाऊ, एक कबरीवर मृताच्या सुटकेसाठी प्रार्थना करतो आणि दुसरा करीत नाही.

परंतु न्यायाने बोलले पाहिजे. १५६३ च्या परिषदेने शुद्धिस्थान कायम ठेवले, तरी या बाबतीतला लोभ आणि अंधश्रद्धा बंद करा असेही बिशपांना बजावले. १९८३ चा त्यांचा धर्मकायदा सांगतो की मिस्सेच्या दानाला व्यापाराचा वाससुद्धा येता कामा नये, आणि गरिबासाठी दान न घेताही मिस्सा करावी. त्या म्हातारीकडे कोणी काही मागितले नव्हते. तेव्हा पैसा खातात असे म्हणून मोकळे होता येणार नाही. पैसा बाजूला काढला तरी प्रश्न उरतोच. ज्याच्या मागे चार लेकरे प्रार्थना करायला आहेत त्याला मदत, आणि जो रस्त्याकडेला बेवारस मेला त्याला? देव न्यायी असेल तर त्याला आठवण करून द्यावी लागते काय? कॅथलिक म्हणतील, प्रार्थना म्हणजे सौदा नव्हे, मागणे आहे; आणि बेवारसांसाठीही आम्ही मागतो. त्या म्हातारीने मागितलेच होते. तिच्या मायेला माझा नमस्कार आहे. हिशेब मात्र मला पटत नाही.

संयुत्त निकायात असिबंधकपुत्त नावाच्या गावप्रमुखाची गोष्ट आहे. तो बुद्धाला म्हणतो, काही ब्राह्मण मेलेल्याला स्वर्गात पोचवतात, तुम्ही सगळ्या जगाला पोचवाल काय? बुद्ध उलट विचारतात : खोल डोहात मोठा धोंडा टाकला आणि लोक हात जोडून काठाभोवती फिरत "धोंड्या, वर ये" म्हणू लागले, तर तो येईल काय? आणि तुपाचे मडके पाण्यात फोडले तर खापऱ्या बुडतात, तूप वर येते. "तुपा, बुड" अशी साऱ्या गावाने प्रार्थना केली तरी ते बुडत नाही. ज्याचे जसे कर्म तसे. दुसऱ्याच्या तोंडून निघालेल्या शब्दांनी ते फिरत नाही.

इथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण वाचकहो, आपल्या घराकडेही बघितले पाहिजे. आपण पुण्यानुमोदन करतो, जलदान करतो. लोट्यातून पाणी ओतताना जी गाथा म्हणतात ती तिरोकुड्ड सुत्तातली आहे, आणि नद्यांनी सागर भरावा तसे इथले दान मृतांना पोचते असाच तिचा अर्थ आहे. मिलिंद राजानेही भदंत नागसेनांना हाच प्रश्न केला होता. उत्तर असे की काहींना पोचते, काहींना पोचत नाही. आणि न पोचले तर त्याचे फळ देणाऱ्याकडेच राहते. मग आपले जलदान आणि त्या म्हातारीचे पाकीट यांत अंतर किती? आपले काही कार्यकर्ते म्हणतात जलदान बंद करा, हे पिंडदानच मागच्या दाराने आले. काही म्हणतात, आत्मा मानत नाही तर पाणी ओतण्याने बिघडते काय?

रूढी मागच्या दाराने येतात हे खरे आहे. गोव्यात इन्क्विझिशनने १७३६ साली जाहीरनामा काढून ख्रिस्ती झालेल्यांच्या कितीतरी जुन्या चाली बंद केल्या. तरीही गोव्यातल्या कॅथलिक घरांत लग्नाआधी गेलेल्या पूर्वजांच्या स्मरणार्थ गोरगरिबांना जेवू घालण्याची चाल राहिली. भिकाऱ्यांचे जेवण म्हणतात तिला. मला तर ती चाल मिस्सेच्या पाकिटापेक्षा बरी वाटते. मेलेल्याला पोचो न पोचो, भुकेल्याच्या पोटात तर पोचते.

माझी आई दीक्षा घेऊनही सर्वपित्री अमावास्येला कौलावर गुपचूप घास टाकायची. मला माहीत होते. मी बोलत नव्हतो. नगरहून आल्यावर मी तिला धोंड्याची आणि तुपाची गोष्ट सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "माझी आई तूपच होती. ती वर आली असेल. पण तिचं नाव घ्यायला काय हरकत आहे?"

मला उत्तर सुचले नाही. यंदा वडिलांच्या स्मृतिदिनी त्रिशरण-पंचशील झाल्यावर आम्ही वही काढली आणि आईने सांगितलेली नावे मी मोठ्याने वाचली. आजीचे, तिच्या आईचे, पटकीत गेलेल्या एका मावशीचे. त्या मावशीचे नाव मी जन्मात पहिल्यांदा ऐकले. जेवणाला कारखान्यावर आलेल्या ऊसतोडणीवाल्यांची पोरे बोलावली होती. घास कौलावर गेला नाही. लोट्यातून पाणी ओतायचे की नाही यावर मात्र माझे आणि धाकट्या भावाचे अजून भांडण चालू आहे.