न भेटणाऱ्या वाटसरूचे देणे

समोरच्या माणसाशी सौजन्याने वागणे फारसे अवघड नसते. त्याचे डोळे आपल्यावर असतात. परंतु जो अद्याप आलेला नाही आणि ज्याची गाठही पडणार नाही, त्याचे आपण काही लागतो काय? इंग्लंडमधील अरुंद कालव्यांवर या प्रश्नाचे उत्तर रोज कृतीने द्यावे लागते.

अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली व त्याच्या समकालीनांनी कोळसा वाहण्यासाठी हे जलमार्ग खोदले. त्यांवरील अनेक लॉक जेमतेम 7 फूट रुंद. त्यांत मावणारी लांबट नौका ती नॅरोबोट. मालवाहतूक सरली, आता कोणी त्यांतून सहल करतो, कोणी त्यांतच संसार थाटतो.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. तो भरला की नौका वर चढते, रिता केला की खाली उतरते. प्रत्येक खेपेस लाखभर लिटर पाणी वरून खाली जाते. म्हणून रीत अशी की, हौदाची पातळी समोरून येणाऱ्या नौकेला अनुकूल असेल, तर आपण थांबावे. बाहेर पडताना झडपा व दरवाजे लावून घ्यावेत. बहुतेक ठिकाणी पाहणारा कोणी नसतो. पाणी मात्र सर्वांचे असते. 2025 च्या कोरड्या उन्हाळ्यात लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा मोठा भाग नौकांना बंद करावा लागला.

हा निव्वळ परस्परांचा व्यवहार आहे, असे कोणी म्हणेल. पण ज्याने माझ्यासाठी दरवाजा लावून ठेवला, तो केव्हाच पुढे गेला. त्याची परतफेड मागून येणाऱ्यालाच करता येते. पितृऋणही आपण असेच पुढच्या पिढीला देऊन फेडतो.

तरीही सौजन्याने सारे प्रश्न सुटत नाहीत. 1995 च्या कायद्यानुसार, ज्या नौकेला कायमचा धक्का नाही तिने एका जागी सलग 14 दिवसांहून अधिक राहू नये. सहलीला निघालेल्यास हा नियम जाणवतही नाही. ज्याचे मूल जवळच्या शाळेत जाते, त्याला तो जाचतो. नियम एक, ओझे निराळे. मात्र परिस्थितीनुरूप वाजवी ठरेल तेवढा अधिक काळ थांबण्याची मुभाही त्याच कायद्यात आहे. जागा अडवून बसणाऱ्याला हटवणे न्याय्यच. पण त्याच्या दारामागे काय आहे, हे आधी विचारणेही तितकेच न्याय्य.

सामायिक वाटेवरचा धर्म बहुधा एवढाच आहे: मागून येणाऱ्यासाठी पाणी राखावे, आणि थांबलेल्याला थांबण्याचे कारण सांगू द्यावे.