पाना आणि कलम

आमच्या घराच्या मागील दारी, वजू करण्यासाठी म्हणून, वडिलांनी एक पितळी नळ बसवून घेतला होता. गेल्या उन्हाळ्यात तो ठिबकू लागला. थेंबाने काय होते, म्हणून आठ-दहा दिवस मी लक्ष दिले नाही. मग एका रात्री झोप लागेना आणि तो टप्-टप् आवाज कानात बसला. सकाळी शिक्षकाच्या सवयीने हिशेब मांडला. सेकंदाला एक थेंब, तर दिवसाला ८६,४०० थेंब. साधारण वीस थेंबांचे एक मिलिलिटर. म्हणजे दिवसाला चार लिटरांहून जास्त आणि वर्षाला दीड हजार लिटरांच्या वर पाणी! आमचे गाव कोकणातले. पावसात छपरावरून धबधबे वाहतात आणि मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते. वाहत्या नदीकाठी वजू करतानासुद्धा पाणी जपून वापरावे, हे मुलांना सांगणाऱ्या माणसाच्याच दारात हा प्रकार चालला होता.

मी प्लंबरला बोलावले. तो आला, सोबत त्याचा मुलगा होता. मुलगा माझ्याच सातवीच्या वर्गातला. हातात हत्यारांची पिशवी. प्लंबरने नळ उघडला, आतले वॉशर बदलले, नळ बंद करून दाखवला. दहा मिनिटे झाली असतील. त्याने अडीचशे रुपये सांगितले.

"दहा मिनिटांचं तर काम, अडीचशे कसले?" मी म्हणालो आणि दीडशे रुपये त्याच्या हातावर ठेवले.

तो काही बोलला नाही. नोटा खिशात घातल्या, सलाम केला आणि निघाला. मुलगा खाली बसून पिशवीत हत्यारे भरत होता. त्याने मान वर केली नाही.

त्याच आठवड्यात मी वर्गात एक हदीस समजावून सांगितली होती. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्या, असा तिचा आशय. त्या मुलाने ती सुबक अक्षरात वहीत उतरवून घेतली होती. वही तपासताना त्याखाली मी लाल शाईने 'शाबास' असे लिहिले होते. मजुरी मी घाम सुकण्यापूर्वी दिली होती, हे खरे. पण ती मजुरी पुरी होती का?

हा प्रश्न मला इतका टोचावा याला एक कारण आहे. एकेकाळी त्या मुलाच्या जागी मीच उभा होतो. माझ्या वडिलांचे एस.टी. स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचे दुकान होते. दुकान कसले, चार पत्रे आणि एक पाण्याची घमेली. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचो. चांगल्या कपड्यांतली माणसे सायकल घेऊन यायची आणि काम झाल्यावर म्हणायची, "मिस्त्री, एवढ्याशा पंक्चरला एवढे पैसे?" वडील हसायचे आणि देतील ते घ्यायचे. मला मात्र त्या माणसांचे चेहरे पाठ झाले होते. मी हौसेने पाना उचलला की वडील तो हातातून काढून घेत. "तू कलम सांभाळ, पाना मी सांभाळतो," असे म्हणत. मी कलम सांभाळले. डी.एड., बी.ए., बी.एड. केले आणि उर्दू शाळेत शिक्षक झालो. आणि एके दिवशी, स्वतःच्याच मागील दारी, मी त्या चांगल्या कपड्यांतल्या माणसांपैकी एक झालो.

वडील आता हयात नाहीत. त्यांची हत्यारांची पेटी पलंगाखाली आहे. पावसाळ्याच्या तोंडावर स्वयंपाकघरातला नळ गळू लागला, तेव्हा मी ती पेटी बाहेर ओढली. खरे सांगायचे तर त्यामागे काही उदात्त हेतू नव्हता. पैसे वाचतील असे वाटले, आणि त्या प्लंबरला पुन्हा तोंड दाखवण्याची लाजही वाटत होती.

नळ दुरुस्त करायला मला अडीच तास लागले. मी भलताच कॉक बंद केला होता, त्यामुळे वरचा नट सैल होताच पाण्याचा फवारा छताला लागला. धावत गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक बंद केला. बाजारातून आणलेले वॉशर आकाराने मोठे निघाले, म्हणून परत जावे लागले. नट घट्ट बसेना, म्हणून जोर लावला तर आटेच झिजले. तिसऱ्या फेरीला नवा नट आणला. टेफ्लॉनची पट्टी मी उलट्या दिशेने गुंडाळली होती, त्यामुळे फिरवताना ती सुटून येत होती. अखेर नळ थांबला, तेव्हा अस्र होऊन गेली होती, बोटे सोलली होती आणि बायको पोते टाकून फरशी पुसत होती.

तेव्हा मला त्या दहा मिनिटांचा अर्थ कळला. काम दहा मिनिटांत होते, कारण करणाऱ्याने त्यामागे आयुष्याची वर्षे घातलेली असतात. कुठला कॉक बंद करायचा, नटाला किती जोर सोसतो, कुठल्या मापाचे वॉशर पिशवीत हवे, हे सगळे त्याच्या हातांना ठाऊक असते. मी मिनिटांचे पैसे मोजले आणि वर्षांचे बुडवले.

घरातली, परसातली दुरुस्ती आपल्या हातांनी का करावी, या प्रश्नाला साधारणपणे दोन उत्तरे दिली जातात. एक, पैसे वाचतात. दुसरे, माणूस स्वावलंबी होतो. दुसऱ्या उत्तराला आपल्याकडे मोठा आधार आहे. प्रेषित मुहम्मद (स.) आपली चप्पल स्वतः सांधत, आपला कपडा स्वतः शिवत, घरातली कामे करत, असे हजरत आयशा (र.) यांनी सांगितल्याचे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हजरत दाऊद (अ.) आपल्या हातच्या कमाईवर जगत, हेही आपण ऐकलेले आहे. ज्यांच्या एका शब्दावर माणसे धावून आली असती, त्यांनी आपली चप्पल दुसऱ्याकडे दिली नाही. हाताचे काम हलके नाही, हे त्यांनी आचरणाने दाखवले.

पण इथे एक शंका येते. प्रत्येकाने आपापली चप्पल सांधली, आपापला नळ दुरुस्त केला, तर चांभाराने आणि प्लंबरने खायचे काय? ही शंका आपल्या समाजाला तरी उडवून लावता येणार नाही. पिंजारी, मन्यार, शिकलगार, बागवान, मोमीन, अत्तार ही आपली आडनावे पाहा. ही सगळी हातांच्या धंद्यांशी जोडलेली आहेत. २००६ साली आलेल्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवून दिले की, मुस्लिम कामकऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वयंरोजगारावर जगतात. हिंदू कामकऱ्यांत हे प्रमाण सुमारे ५५ टक्के होते. म्हणजे आपल्यातली कितीतरी घरे छोट्या दुकानावर, हातगाडीवर, हत्यारांच्या पिशवीवर उभी आहेत. मी वाचवलेले अडीचशे रुपये कुणाच्या तरी घरच्या पिठाचे असू शकतात.

या शंकेचे उत्तर शोधताना मला इमाम गजालींचा विचार उपयोगी पडला. शेती, विणकाम, शिवणकाम यांसारखे आवश्यक धंदे त्यांनी फर्ज-ए-किफायात धरले आहेत. हे कर्तव्य सगळ्या समाजावर असते. काहींनी ते पार पाडले की बाकीचे त्यातून मोकळे होतात, आणि कुणीच पार पाडले नाही तर सगळे गुन्हेगार ठरतात. जनाजाच्या नमाजाचे उदाहरण आपल्याला ठाऊक आहे. हाच विचार नळाला लावून पाहा. गावात चार माणसे नळाचे काम शिकली आहेत, म्हणून बाकीचे आम्ही निर्धास्तपणे शाळा, दुकान, कचेरी सांभाळतो. प्लंबर माझ्या घरी येतो तेव्हा तो माझ्या डोक्यावरचे ओझे उचलायला आलेला असतो. त्याची मजुरी कापणे हा मग काटकसरीचा प्रश्न राहत नाही, तो कृतघ्नपणाचा होतो.

म्हणून मला वाटते की, स्वतः दुरुस्ती करण्याचे खरे मोल वाचलेल्या पैशात नाही. ती दुसऱ्याच्या श्रमाची किंमत आपल्या शरीराला कळवते, यात आहे. एकदा सोललेल्या बोटांनी नळ बसवलेला माणूस पुन्हा प्लंबरशी घासाघीस करू धजत नाही. ज्याने जन्मात कधी पाना धरला नाही, त्याला मात्र सगळीच कामे दहा मिनिटांची वाटतात.

या दुरुस्तीलाही हद्द असते. नळ जमला म्हणून माझा हुरूप वाढला आणि मी परसातला ढासळलेला गडगा रचायला घेतला. आमच्याकडे जांभ्याचे दगड चुन्या-सिमेंटाशिवाय एकावर एक बसवून कुंपण घालतात. दोन सुट्ट्या घालवून मी तो रचला आणि पहिल्याच मोठ्या पावसात तो शेवग्याच्या आळ्यात झोपला. नेहमीचा गडी येऊन पाहून गेला. म्हणाला, "सर, मोठे दगड वर नि बारके खाली घातलेत, उभा राहील कसा?" त्याने रुंद पाया घेतला, वर जाताना भिंत निमुळती केली, फटींत चिपा ठोकल्या. मी दगड उचलून देत होतो. या वेळी मजुरी मी आधीच विचारली आणि ती पुरी दिली.

गडगा पडला तर आळे मोडते, पण विजेच्या तारेचे तसे नाही. घरात २३० व्होल्टचा प्रवाह खेळत असतो आणि चुकीच्या जोडणीची शिक्षा करणाऱ्यालाच मिळते असे नाही. ओल्या हाताने बटण दाबणारे मूल किंवा भिंतीपलीकडचा शेजारीही तिचा बळी ठरू शकतो. वैद्यकी न शिकता जो उपचार करतो, तो होणाऱ्या नुकसानीला जबाबदार ठरतो, असा हदीसचा आशय आहे. तो वीज आणि गॅसलाही लागू आहे असे मी मानतो. जिथे माझ्या अज्ञानाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागेल, तिथे हात आवरणे हीच नेकी.

शेवटी आम्हा शिक्षकांविषयी. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली. हाताच्या उद्योगातून शिक्षण देण्याची योजना आखण्यासाठी तिथे समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. बी.एड.च्या परीक्षेत मी 'नई तालीम'वर पानभर उत्तर लिहिले होते. पण माझ्या वर्गात कार्यानुभवाचा तास म्हणजे कागदी फुले आणि शुभेच्छापत्रे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडून शिकण्याची सूचना केली आहे. सूचना चांगली आहे. मात्र ज्या शिक्षकाने कारागिराची मजुरी त्याच्या मुलासमोर कापली, त्याने ती वर्गात कोणत्या तोंडाने राबवावी?

माझ्या वडिलांनी पाना माझ्या हातातून काढून घेतला तो मायेपोटी. मला ती घासाघीस ऐकावी लागू नये, एवढेच त्यांना हवे होते. त्यांची माया समजते. पण पाना आणि कलम यांत एक उच्च आणि एक नीच, हा धडाही मी नकळत त्यातूनच शिकलो. तो त्यांनी शिकवला नव्हता, मी शिकलो.

गेल्या महिन्यात मी त्या प्लंबरच्या घरी गेलो आणि राहिलेले शंभर रुपये पुढे केले. तो संकोचला. "राहू द्या सर, तुम्ही पोराला शिकवता," म्हणाला. मी म्हणालो, "ते तर मी पगार घेऊन शिकवतो." तेव्हा त्याने ते घेतले. शाळेत येऊन मुलांना नळाचे काम दाखवाल का, असेही विचारले. रोजचे काम सोडून यावे लागेल, म्हणून त्याची मजुरी ठरवूनच विचारले. बघतो म्हणाला.

मुलगा दारात उभा होता. त्याने सगळे ऐकले असावे. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याने नेहमीसारखा सलाम केला आणि खाली मान घालून वही उघडली. त्याने मला माफ केले की नाही, हे मला कळायला मार्ग नाही. ते विचारण्याचा अधिकारही मला नाही.