उन्हाविषयी कोणाचे ऐकावे?

न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानले, पण कोणाच्याही शब्दाला नव्हे, आप्ताच्या शब्दाला. आप्त कोण? ज्याला ती गोष्ट स्वतः नीट कळली आहे आणि जशी कळली तशीच ती सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो. हे लक्षण ऋषींइतकेच म्लेच्छांनाही लागू पडते, असे वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्यात आवर्जून नोंदवले आहे. म्हणजे पद, पेहराव आणि चाहत्यांची संख्या यांना इथे जागाच नाही. मोबाइलवर एक जण सांगतो, सनस्क्रीननेच कॅन्सर होतो, खुशाल उन्हात बसा. दुसरा सांगतो, घरातही सनस्क्रीन लावल्याशिवाय राहू नका. यांतला आप्त कोण?

यावर आक्षेप येतो की, ज्याला विषयच कळत नाही त्याने जाणकार ओळखायचा कसा? त्याचे उत्तरही न्यायसूत्रांतच आहे. वेदाचे प्रामाण्य सिद्ध करताना ती आयुर्वेदाचा दाखला देतात: औषधाचा गुण पडताळता येतो, म्हणून सांगणाऱ्याच्या न पडताळता येणाऱ्या बोलण्यावरही विश्वास बसतो. वेदाबाबत हा युक्तिवाद मान्य असो वा नसो, सल्लागार पारखायला तो फार उपयोगी आहे. उदाहरणार्थ, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात २४ जणांच्या अंगावर दिवसातून चारदा, चार दिवस सनस्क्रीन लावली गेली आणि त्यातली रसायने रक्तात उतरलेली आढळली. हे खरे आहे. पण म्हणून सनस्क्रीन सोडा असा याचा अर्थ नाही, हेही त्याच संशोधकांनी लिहून ठेवले. पहिले वाक्य दाखवून दुसरे गाळणाऱ्याला विषय कळला असेलही; जसे आहे तसे सांगण्याची इच्छा मात्र त्याच्यापाशी नाही. विक्रेत्यालाही हीच कसोटी लावावी. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के अतिनील-बी किरण अडवते, हे तो आपण होऊन सांगतो का?

‘आयुष्यभर उन्हात राबलो, काही झाले नाही,’ हा दुसरा आक्षेप प्रत्यक्षाच्या बळावर उभा आहे. पण त्वचेचा कॅन्सर अनेक वर्षांनी उमटतो, आणि एकाच शरीरात ‘लावले असते तर’ हे कधीच दिसत नाही. त्यासाठी तुलना लागते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर गावी १९९२ ते १९९६ या काळात सोळाशेवर प्रौढांवर चाचणी झाली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत स्क्वेमस पेशींचे कॅन्सर सुमारे ४० टक्के कमी निघाले. पुरावा भक्कम आहे, मात्र तो मुख्यतः गोऱ्या कातडीचा. मेलॅनिन भरपूर असलेल्या आपल्या त्वचेत हे कॅन्सर मुळातच बरेच विरळ. इथे सनस्क्रीनचे खरे काम बहुधा वांगाचे डाग गडद होऊ न देणे हे. जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या माणसाला मात्र जळगावातही नॅम्बोरइतकीच, किंबहुना अधिक काळजी हवी. ही कातडी कोणाची, हे न विचारता सगळ्यांना एकच नियम सांगणारा कितीही तळमळीने बोलत असला, तरी आप्ताच्या पहिल्याच अटीत, गोष्ट नीट कळलेली असण्यात, तो कमी पडतो.