वेतन, ऋण आणि सोडून जाणारा सेवक

धर्मशास्त्रातील १८ व्यवहारपदांपैकी, म्हणजे न्यायसभेपुढे येणाऱ्या वादविषयांपैकी, ‘वेतनस्य अनपाकर्म’, अर्थात ठरलेले वेतन न देणे, हे एक आहे. नारदस्मृतीनुसार मुदतीपूर्वी काम सोडणारा भृतक, म्हणजे मजुरीवर राबणारा, वेतनाला मुकतो; परंतु स्वामीच्या दोषामुळे तो निघून गेला असल्यास केलेल्या कामापुरते वेतन त्याला मिळते. यातील दुसरा भाग अधिक सूक्ष्म आहे, कारण तेथे वचनभंगाला शिक्षा करण्याआधी तो कोणामुळे घडला हे पाहिले जाते. पहिला भाग मात्र आज पटणारा नाही. नोटीस पीरियडचे ९० दिवस न भरणे हा वचनभंग असेलही आणि करारात ठरलेली भरपाई मालकाला मागता येईल. पण आधीच्या महिन्यात पूर्ण झालेल्या कामाचे वेतन हे मालकाच्या डोक्यावरचे ऋण असते, आणि ते परस्पर दंड म्हणून ठेवून घेणे म्हणजे वादीनेच न्यायाधीश होऊन बसणे होय. नोकरी सोडताना होणाऱ्या अंतिम हिशेबाच्या, म्हणजे ‘फुल अँड फायनल’च्या, कागदावर ‘देय रक्कम शून्य’ अशी ओळ उमटते, तेव्हा अनेकदा नेमके हेच घडलेले असते. २०१९ च्या वेतन संहितेनुसार मात्र राजीनाम्यानंतर कामकाजाच्या दोन दिवसांत वेतन चुकते करावे लागते.