पिंजऱ्यातला उंदीर आणि आपली गरज



वाडीत फवारण्यासाठी आणलेल्या औषधाच्या बाटलीवर एक चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य. आपल्यापैकी अनेकांनी हा रंग पाहिला आहे. तो ठरतो कसा, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. प्रयोगशाळेत जनावरांना ते औषध देतात आणि किती मात्रेला त्यांतील निम्मी मरतात ते मोजतात. त्या आकड्यावरून रंग ठरतो.

हा रंगही अर्धीच गोष्ट सांगतो. औषध एकदम पोटात किंवा अंगावर गेले तर काय होईल, एवढेच त्यातून कळते. तेच औषध वीस वर्षे रोज थोडे थोडे श्वासातून, कातडीतून, अन्नातून शरीरात जात राहिले तर काय होईल, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी वेगळ्या आणि फार लांबलचक चाचण्या असतात. एखाद्या रसायनाने कर्करोग होतो का हे तपासण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत पाहा. उंदरांचे चार गट करतात. प्रत्येक गटात किमान ५० नर आणि ५० माद्या. एका गटाला साधे अन्न, बाकी तिघांना कमी, मध्यम आणि जास्त मात्रेत रसायन. मोठ्या जातीच्या उंदरांना हे दोन वर्षे देतात, लहान जातीच्या उंदरांना दीड वर्ष. उंदराचे आयुष्य मुळात तेवढेच. शेवटी जे उरतात त्यांना मारून त्यांचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एका रसायनाच्या एका चाचणीला किमान ४०० जीव लागतात.

आपल्याला हा अधिकार आहे का?

काहीजण हसून म्हणतील, “फादर, घरात उंदीर शिरला तर आम्ही पिंजराच लावतो, मग प्रयोगशाळेतल्या उंदराचे एवढे काय?” प्रश्न रास्त आहे. घरातला उंदीर धान्य नासतो, रोग पसरवतो, म्हणून आपण त्याचा बंदोबस्त करतो. याचा अर्थ उंदराला कधीच मारू नये असा कुणाचा आग्रह नाही. मारण्याला कारण हवे आणि विनाकारण यातना नकोत, एवढेच आपण मानतो. घरातल्या उंदराला हळूहळू छळून मारणाऱ्या मुलाला आपण रागावतोच की! तेव्हा कारण कोणते आणि यातना किती, हे दोन प्रश्न प्रयोगशाळेच्या दारातही विचारलेच पाहिजेत.

पवित्र शास्त्र याबाबत गप्प नाही. शब्बाथाची विश्रांती देवाने बैलाला आणि गाढवालाही दिली. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके घालू नये, असा नियम मोशेच्या शास्त्रात आहे. निनवे शहरावर दया करताना देवाने तेथील गुराढोरांचाही उल्लेख केला, हे योनाच्या पुस्तकाच्या अगदी शेवटी वाचायला मिळते. त्याचबरोबर माणूस देवाच्या प्रतिमेत घडला आहे आणि त्याचे स्थान वेगळे आहे, हेही शास्त्र ठामपणे सांगते. म्हणून ख्रिस्तसभा दोन्ही गोष्टी एकत्र धरते. १९९२ सालच्या धर्मशिक्षण ग्रंथात २४१६ ते २४१८ या क्रमांकांखाली ही शिकवण आहे. प्राण्यांशी ममतेने वागणे हे आपले देणे आहे. मानवी जीव वाचवण्यासाठी, रोग्यांच्या सेवेसाठी प्राण्यांवरील प्रयोग वाजवी मर्यादेत राहून करता येतात. मात्र गरज नसताना प्राण्यांना यातना देणे किंवा मारणे माणसाच्याच प्रतिष्ठेला शोभत नाही.

म्हणजे परवानगी आहे, पण तिला अट आहे, आणि ती सगळी अट ‘गरज’ या एका शब्दावर उभी आहे. तेव्हा गरज म्हणजे काय, हे आपण नीट समजून घेऊ.

आपल्या जुन्या वाड्यांत रहाटाला जनावर जुंपले जायचे. डोळ्यांना झापडे बांधून ते दिवसभर गोल गोल फिरायचे, तेव्हा कुठे केळींना आणि पानवेलींना पाणी मिळायचे. आपल्या आजोबा-पणजोबांनी ते केले म्हणून त्यांना कुणी निर्दय म्हणणार नाही. पाणी काढण्याचा दुसरा मार्गच नव्हता. पुढे इंजिन आले, विजेचा पंप आला. आता पंप चालू स्थितीत असताना कुणी मुद्दाम जनावर जुंपून फिरवू लागला, तर त्याला आपण काय म्हणू? कृती तीच आहे, पण गरज संपली, म्हणून तिचा न्यायही बदलला. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पंप आपोआप उगवला नाही. कुणीतरी डोके चालवले, पैसा घातला, म्हणून तो आला. आपली गरज काही अंशी परिस्थितीने ठरते आणि काही अंशी आपण दुसरा मार्ग शोधला की नाही, यावरही ठरते. ज्याने कधी शोधच घेतला नाही, त्याला “माझा नाइलाज होता” असे सहजासहजी म्हणता येणार नाही.

१९५९ साली रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हाच विचार विज्ञानाच्या भाषेत मांडला. शक्य तेथे प्राण्यांऐवजी दुसरी पद्धत वापरावी, वापरलेच तर कमीत कमी प्राणी वापरावेत आणि त्यांच्या यातना होता होईल तो कमी कराव्यात, ही त्यांची तीन सूत्रे आज जगभर मानली जातात. त्यांतून बरेच काही साध्य झाले आहे. कातडीची आग होते का हे पाहण्यासाठी पूर्वी सशाच्या अंगावर रसायन लावत. आता माणसाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत कातडीचा पातळ थर वाढवतात आणि त्यावर चाचणी करतात. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने अशा पद्धतींना २००४ आणि २०१० साली मान्यता दिली. कातडीपुरता पंप आला, असे म्हणू या.

दीर्घकाळच्या विषबाधेचे मात्र अजून तसे नाही. काचेच्या बशीत ठेवलेल्या यकृताच्या पेशी थोड्याच दिवसांत आपले काम विसरू लागतात. मग दोन वर्षांनी काय होईल, हे त्यांना कसे विचारायचे? शिवाय शरीरात यकृत एकटे नसते. ते रसायनाचे रूपांतर करते, रक्त ते पुढे नेते, मूत्रपिंड ते गाळते, आणि कधी यकृताने तयार केलेला नवा पदार्थच मूळ रसायनापेक्षा घातक ठरतो. यावर शास्त्रज्ञांचे दोन दिशांनी प्रयत्न चालू आहेत. पेशींचे छोटे गोळे करून किंवा बारीक नळ्यांतून द्रव वाहणाऱ्या चिपवर ठेवून त्यांना आठवडेच्या आठवडे कामात ठेवायचे, ही एक दिशा. दुसरी दिशा इजेची पहिली खूण ओळखण्याची. घराला वाळवी लागली हे कळायला छप्पर कोसळण्याची वाट पाहावी लागत नाही, तसेच हे आहे. २०११ ते २०१५ या काळात युरोपीय आयोगाने आणि सौंदर्यप्रसाधन उद्योगाने मिळून या कामावर सुमारे ५ कोटी युरो खर्च केले. काम पुढे गेले, पण प्राण्यांची पूर्ण जागा घेईल अशी पद्धत अजून हाती आलेली नाही.

प्राण्यांवरील चाचणीचा निकाल तरी अचूक असतो का? नेहमीच नाही. सॅकरिनने नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी झाल्या, म्हणून १९७७ साली अमेरिकेत त्यावर बंदी घालण्याचा प्रस्ताव आला. पुढे कळले की हा परिणाम उंदराच्या मूत्राच्या विशिष्ट गुणामुळे होतो. २००० साली सॅकरिनचे नाव तेथील कर्करोगकारक पदार्थांच्या सरकारी यादीतून काढले गेले. उलट १९९३ साली हेपॅटायटिस बी वरचे फियालुरिडिन हे औषध अमेरिकेत १५ रुग्णांना दिले, तेव्हा काही आठवड्यांनी ७ जणांची यकृते निकामी होऊ लागली. पाचजण दगावले, दोघे यकृत प्रत्यारोपणामुळे वाचले. प्राण्यांवरील चाचण्यांत हा धोका दिसला नव्हता. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानवी यकृतपेशींच्या चिपवर २७ औषधे तपासली गेली. यकृताला घातक असलेल्या औषधांपैकी ८७ टक्के तिने ओळखली आणि एकाही निर्दोष औषधाला दोषी ठरवले नाही. पण त्या चाचण्या दिवसांच्या होत्या, वर्षांच्या नव्हत्या, हेही सांगितले पाहिजे.

पूर्ण पर्याय नाही, पण वाट दिसते आहे, अशा वेळी सदसद्विवेकबुद्धीने काय करावे? युरोपने सौंदर्यप्रसाधनांपुरते उत्तर दिले. दीर्घकाळच्या विषबाधेसाठी पर्याय तयार नसतानाही मार्च २०१३ मध्ये त्यांनी प्राण्यांवर तपासलेल्या नव्या प्रसाधनांच्या विक्रीवर पूर्ण बंदी घातली. लाली-पावडरचा आणखी एक प्रकार बाजारात आलाच पाहिजे, ही काही गरज नव्हे, असा त्याचा अर्थ. भारतानेही २०१४ साली प्रसाधनांसाठी प्राण्यांवरील चाचण्या बंद केल्या आणि त्याच वर्षी तशा आयात मालालाही बंदी केली. हा निर्णय आम्हाला योग्य वाटतो. चैनीसाठी दुसऱ्या जिवाचे मोल मागता येत नाही.

मात्र प्रश्न इतक्यावर मिटला नाही. उन्हापासून बचाव करणाऱ्या क्रीममधील दोन घटकांबाबत युरोपच्या रसायन संस्थेने प्राण्यांवर चाचण्या मागितल्या. हे घटक केवळ प्रसाधनांतच वापरले जात होते, तरी नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने ती मागणी उचलून धरली. कारण काय? क्रीम लावणारा ते अंगाला लावतो, पण कारखान्यातला कामगार त्या रसायनात वर्षानुवर्षे वावरतो. त्याची काळजी कोण घेणार?

कारखान्यात पाळी करणारे आणि पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारे आपल्यातही आहेत. त्यामुळे आम्ही हा प्रश्न फक्त उंदराच्या बाजूने पाहू शकत नाही. उद्याच सर्व चाचण्या बंद करा, असे म्हणणे सोपे आहे, पण मग ते रसायन कुणाच्या शरीरावर तपासले जाईल? ज्याचा आवाज कुठे पोचत नाही, त्याच्याच. आणि “गरज आहे, मग कसली चिंता?” असे म्हणणेही तितकेच सोपे आहे. त्यात पर्याय शोधण्याचे कर्तव्य आपण गुपचूप बाजूला ठेवतो. परवानगी गरजेपुरतीच असते, आणि ती गरज कमी करत नेण्याची जबाबदारी परवानगीबरोबरच येते. जो ही जबाबदारी घेत नाही, त्याचा परवानगीवरचा हक्कही कमी होत जातो, असे आमचे मत आहे.

पेशींची पद्धत आली म्हणजे सारे आपोआप निर्मळ झाले, असेही नाही. जगभर वापरल्या जाणाऱ्या हेला पेशी १९५१ साली बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय आईच्या शरीरातून तिला न विचारता घेतल्या गेल्या. काही पेशी गर्भपात झालेल्या भ्रूणांपासून आल्या आहेत, आणि त्याबाबत ख्रिस्तसभेने २००८ साली गंभीर आक्षेप नोंदवला. पेशी वाढवण्यासाठी अनेकदा गाईच्या पोटातील वासराच्या रक्तातला द्रव वापरतात. सुदैवाने येथेही मार्ग निघत आहेत. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००७ साली प्रौढ माणसाच्या कातडीच्या पेशींपासून हव्या त्या पेशी घडवता येतील अशी पद्धत दाखवली. २०१२ साली त्यांना नोबेल मिळाले. वासराच्या द्रवाशिवाय पेशी वाढवण्याचे प्रयत्नही चालू आहेत.

मग आपण काय करावे? फवारणी करताना हातमोजे आणि तोंडाला फडके बांधावे, बाटलीवरची सूचना वाचावी. ती सूचना लिहिता यावी म्हणून कितीतरी जीव गेले आहेत. ती न वाचणे म्हणजे ते मरण फुकट घालवणे. गरजेपेक्षा जास्त औषध मारू नये. कारखान्यात काम करणाऱ्यांनी आपण कोणत्या रसायनात वावरतो आणि त्याच्या चाचण्या झाल्या आहेत का, हे विचारण्याचा हक्क सोडू नये. आणि आपल्या मुलामुलींपैकी जे जीवशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकत आहेत, त्यांना आमचे खास सांगणे आहे. २०२३ साली भारताच्या नियमांतही नव्या औषधांसाठी पेशींवर आधारित पद्धतींना जागा मिळाली आहे. या क्षेत्रात काम करणारे हात हवे आहेत. रहाटाचे जनावर ज्याने सोडवले, त्याने पंप बनवताना कदाचित जनावराचा विचारही केला नसेल. तुम्ही तो विचार मनात ठेवून काम करा. माणसाची आणि मुक्या जिवाची सेवा येथे एकाच कामात होणार आहे.

आपले धर्मगुरू