बक्षीस की वेतन?

मुंबईहून गोव्यास सागरसफरी निघू लागल्यापासून बक्षिसाचा प्रश्न बेटम्यासारख्या गावातील घरांतही पोहोचला आहे. अनेक परदेशी जहाजांवर बक्षीस माणशी, प्रतिदिनी, हिशेबातच धरले जाते. आपल्याकडे उपाहारगृहांच्या अशा सक्तीच्या सेवाशुल्कास २०२२ साली मनाई झाली. २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. मग जहाजावरील आकारही नाकारावा काय?

गीतेच्या सतराव्या अध्यायात प्रत्युपकारार्थ दिलेले दान राजस म्हटले आहे. आगाऊ नोट देऊन मिळविलेली विशेष सेवा त्यातलीच. परंतु हिशेबातील रक्कम दान नव्हेच. दृष्टीआड भांडी घासणाऱ्याच्याही वेतनाचा तो भाग होय. ते पुरते मालकाने द्यावे, हे न्याय्य. पण मालकावरचा राग सेवकाच्या ताटातून वसूल करणे अधर्म आहे. ती रक्कम निमूटपणे द्यावी. तिची गणना मात्र पुण्यात करू नये.