सांगून ठेवलेले जेवण

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की दिंडोशीसारख्या उपनगरातील घराघरांतून कोकणात जाण्याचे बेत आखले जातात. आधी गाडीचे आरक्षण होते, मग राहण्याची सोय पाहिली जाते आणि शेवटी जेवण सांगून ठेवले जाते. गाडीची जागा आणि पानावरची जागा अशा दोन जागा आपण आगाऊ राखून ठेवतो. नैतिकदृष्ट्या त्या एकाच जातीच्या आहेत काय?

रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी करता येत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. मुदत कोणतीही असो, रेल्वे पैसे आधी घेते. प्रवासी आला नाही तर त्याची जागा बहुधा प्रतीक्षा यादीतील दुसऱ्या कुणाला मिळते. तेथे आपल्या शब्दाची कुणाला गरजच नसते. पैसा शब्दाची जागा घेतो.

दापोली, गुहागर किंवा मालवणकडच्या घरगुती खानावळीत रीत वेगळी असते. तेथे पुष्कळदा आधी सांगितल्याशिवाय जेवण मिळत नाही. आपण दूरध्वनीवर म्हणतो, “उद्या दुपारी सहा माणसं, त्यांत दोन शाकाहारी.” पलीकडून उत्तर येते, “या.” एवढ्यावर व्यवहार पुरा होतो. त्या एका शब्दाच्या भरवशावर हर्णै बंदरावरच्या लिलावातून किंवा दारावर आलेल्या कोळणीकडून मोजून मासळी घेतली जाते, नारळ खोवले जातात, सोलकढीसाठी कोकमे भिजत पडतात. मोदक सांगितले असतील तर तांदळाच्या पिठीची उकड काढली जाते. यातले काहीच दुसऱ्या दिवशी त्याच चवीने कुणापुढे वाढता येत नाही.

आणि वाटेत अधिक झगमगते हॉटेल दिसले म्हणून पाहुणे तिकडेच वळतात. कळवण्याचे भान कुणालाच राहत नाही. विचारले तर उत्तर तयार असते, “पैसे कुठे दिले होते?” हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, परंतु तो नेमका उलटा आहे. पैसे दिले नव्हते म्हणूनच सारा भार शब्दावर होता. लूककृत शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायातील मेजवानीच्या दृष्टान्तातही सर्व सिद्ध झाल्यावर आमंत्रितांनी सबबी सांगितल्या. तेथील यजमान समर्थ होता. रस्त्यावरून माणसे बोलावून त्याने आपले घर भरले. दिवसाच्या कमाईवर चूल पेटवणाऱ्या बाईला ते औदार्य परवडणारे नसते.

कुणी म्हणेल, मग तिने विसार घ्यावा. जरूर घ्यावा, तिचे नुकसान तरी भरून निघेल. पण विसाराने आपले कर्तव्य फिटते असे नव्हे. इस्रायलमधील हैफा शहरातल्या १० पाळणाघरांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यांतील काही ठिकाणी दंड लावण्यात आला, तेव्हा उशीर कमी न होता वाढला. पूर्वी ज्याची भीड वाटे, त्याची आता किंमत ठरली होती. पुढे दंड उठवला, तरी गेलेली भीड परत आली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उद्याचा दिवस माणसाच्या हाती कुठे असतो? घाटात गाडी अडकते, लेकरू तापाने फणफणते. याकोबाच्या पत्राचा चौथा अध्याय उद्याविषयी गर्वाने बोलणाऱ्यांना याचीच जाणीव करून देतो. परंतु ही अनिश्चितता आपल्याला नम्र करते, मोकळे करीत नाही. बेत बदलणे हा अपराध नव्हे. बदल वेळेवर न कळवणे हा अपराध होय. मासळी घेण्यापूर्वी केलेला एक फोन पुरेसा असतो, आणि उद्या आपल्या हाती नाही हे ज्याला खरोखर पटले आहे, तो तो फोन विसरत नाही.

सर्वांत सावधपणे पारखायला हवी ती मात्र दोन ठिकाणी जेवण सांगून ठेवण्याची हुशारी. येथे आजारपणाची किंवा घाटाची सबब चालत नाही. कारण शब्द देतानाच दोहोंपैकी एक मोडायचा हे ठरलेले असते. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्ट याने १७८५ साली अशाच फसव्या वचनाची परीक्षा केली. सगळेच असे वागू लागले तर वचनावर कुणी विश्वासच ठेवणार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. खानावळीपुरते बोलायचे तर, पलीकडून येणारे ते साधे “या” उद्या ऐकू येणार नाही. आधी पैसे मागितले जातील.

मोठ्या शपथा माणूस चारचौघांत घेतो आणि लोकलाजेने का होईना पाळतो. ज्याचा चेहरा पाहिलेला नाही आणि जो आपल्याला जाब विचारायला कधी येणार नाही, त्याला दिलेला शब्द पाळायला मात्र आपल्या सद्सद्विवेकाखेरीज दुसरा पहारेकरी नसतो. सुट्टीत आपण कामापासून विश्रांती घेतो. दिलेल्या शब्दापासून घेत नाही.